घराचं एकच खातं

सत्यजीतने घरातले सगळे फोटो एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात हलवले, आणि हलवता हलवता वहिनीचं सहा वर्षांचं काम उडवून टाकलं. उडवून वर चहा मागितला. सुलक्षणाने तो करूनही दिला, कारण तिला तेव्हा कशाचाच पत्ता नव्हता. नंतर तिला फोटो गेल्याचा राग आलाच, पण त्या चहाचा जरा जास्तच आला. आलं किसून घातलं होतं तिने त्यात.

मांडवगण फराट्यात बापूसाहेबांचं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी आणि चारचौघांत मान असलेलं. थोरला पृथ्वीराज शेती पाहतो आणि शेतीपेक्षा जास्त सोसायटीचं राजकारण पाहतो. सुलक्षणा त्याची बायको. धाकटा सत्यजीत पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत, शनिवार-रविवारी बायकोला, अनुपमाला, घेऊन गावी येणारा. घरात पहिल्यांदा स्मार्टफोन आले तेव्हा चौकातल्या मोबाईलवाल्याने बापूसाहेबांच्या नावाने एक खातं उघडलं आणि तेच घरातल्या प्रत्येक फोनात घालून दिलं. त्याचे कष्ट वाचले आणि बापूसाहेबांना मिरवायला एक दागिना मिळाला. पाहुणे आले की ते सांगायचे, "आमच्याकडं फोन सहा, पर खातं एकच. समदं एकात हाय."

एकात असण्याचं सुख काय असतं ते सुलक्षणाला विचारावं. सासऱ्यांनी पाठवलेले गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात तिच्या फोनात. नवऱ्याने शर्यतीच्या घाटात उभं राहून काढलेल्या बैलगाड्यांच्या बाऱ्या तिच्या फोनात, एकेक बारी चार-चारदा, कारण बैल स्वतःचाच असल्यासारखा त्याचा हात थरथरायचा. सोसायटीच्या निवडणुकीचे फ्लेक्स. सासूबाई, म्हणजे झुंबरबाई, फोन लावायला जायच्या आणि फरशीचा नाहीतर स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढून बसायच्या, तोही तिच्या फोनात. आणि तिचं काम या सगळ्यांच्या फोनात. एकदा पृथ्वीराज चेअरमनला बैल दाखवत होता, बोट सरकवलं तर मध्येच ब्लाउजची पाठ आली. सोसायटीच्या ऑफिसातली सगळी माणसं खो खो हसली. तो घरी येऊन म्हणाला, "तुझ्या त्या ब्लाउजांनी माझी अब्रू काढली." बैलांनी तिच्या फोनात घातलेल्या धुमाकुळाबद्दल मात्र कुणी अब्रूचं नाव काढलं नाही.

ती आरीवर्क करायची. लग्नाच्या ब्लाउजवर जर, मणी आणि रेशीम यांची नक्षी, लाकडी चौकटीवर कापड ताणून, आकडीसारख्या सुईने भरायची. हल्ली गल्लोगल्ली हे काम करणाऱ्या बायका आहेत आणि त्यातल्या बहुतेक नक्षी इंटरनेटवरून उचलतात. सुलक्षणा उचलत नव्हती. उसाला तुरा येतो तसा तुरा तिने बाहीवर चढवला होता. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, ती एका नवरीच्या पाठीवर लोंबवली होती. भीमेच्या काठाला वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं, करडईचं काटेरी फूल, पाटाच्या पाण्यात उमटणारी वळणं. न्हावऱ्यापासून पार दौंडपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडे यायच्या ते यासाठी.

या कामात एक मेख असते. नक्षी आधी बटर पेपरवर काढायची, तिच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलात कालवलेली पांढरी पावडर वरून पुसायची, म्हणजे नक्षी भोकांतून कापडावर उतरते. या कागदाला खाका म्हणतात. दोन-तीन वेळा पुसला की तो चिकट होतो, फाटतो, चुलीत जातो. म्हणून सुलक्षणा भोकं पाडायच्या आधी प्रत्येक खाक्याचा फोटो काढून ठेवायची. ब्लाउज गिऱ्हाइकाबरोबर जायचा, कागद चुलीत जायचा, तिच्यापाशी फोटो उरायचा. आणि बैलांनी फोन भरला की फोन म्हणायचा, जागा मोकळी करू का? ती हो म्हणायची. म्हणजे फोनातला फोटो जायचा आणि वर, घराच्या त्या एका खात्यात, राहायचा. तिची सगळी कमाई अशी वर ठेवलेली होती, सासऱ्यांच्या गुलाबांशेजारी.

त्या सुमारास यवतच्या एका प्रशिक्षण केंद्रातून तिला बोलावणं आलं होतं. केंद्र बायकांना शिवणकाम शिकवायचं. तिथल्या प्रमुख सीमाताईंनी राहूच्या एका लग्नात सुगरणीच्या घरट्यांचा ब्लाउज पाहिला आणि नवरीला बाजूला घेऊन विचारलं, हे कुणी केलं? मग फोनवर सुलक्षणाला म्हणाल्या, "आरीचा वर्ग सुरू करतोय. शिकवायला तुम्ही या. पण आमच्या समितीला तुमच्या स्वतःच्या नक्ष्या दाखवाव्या लागतील. जेवढ्या असतील तेवढ्या घेऊन या." सुलक्षणा त्या दिवशी भाकरी थापताना मध्येच थांबून हसली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. घराबाहेरच्या कुणी तिला 'तुम्ही या' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

आणि नेमक्या त्याच आठवड्यातल्या रविवारी सत्यजीतला घर सुधारण्याची हुक्की आली.

"बाबा, ही कंपनी आता लुटायला लागली," तो ओसरीत लॅपटॉप उघडून म्हणाला. "जागा फुल झाली की पैसे मागते. मला ऑफिसकडनं दुसऱ्या कंपनीच्या खात्यात फुकट जागा मिळालीय. सगळं तिकडं शिफ्ट करून टाकतो."

"समदं मावंल का तिकडं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"समदं न्यायचं कशाला? कामाचं तेवढं नेऊ. कचरा हितंच टाकायचा."

मग ओसरीत सभा भरली. बापूसाहेब, पृथ्वीराज आणि सत्यजीत. काय कामाचं आणि काय कचरा, ते ठरवायला तीन पुरुष बसले. सुलक्षणा आणि अनुपमा आत मासवड्या थापत होत्या, कारण सभेला मासवडी हवी होती. मासवडीला अर्धा दिवस लागतो. बेसनाचं पीठ चटका बसेल इतकं गरम असताना थापावं लागतं, त्यात खोबरं-तिळाचं सारण भरून वळावं लागतं. बाहेरून कुणी आत येऊन "तुझं काय ठेवायचं?" असं विचारलं नाही. मासवडी कधी होणार हे मात्र तीनदा विचारलं.

मंगळवारी तिने यवतला पाठवायचे फोटो निवडायला फोन उघडला. नवीन खातं होतं, नवीन चिन्ह होतं. बैल होते. फ्लेक्स होते. सातबारे, निवडणुकीतला गुलाल, मुलांचे वाढदिवस, सगळं जागच्या जागी. झुंबरबाईंचा अंगठासुद्धा शाबूत होता. खाका एकही नव्हता. ती वर गेली, खाली गेली, जुनं खातं उघडलं. ते धुतल्या परातीसारखं स्वच्छ होतं.

तिने सत्यजीतला फोन लावला.

"वहिनी, ते सिंक असतं ना," तो पुण्याच्या भाषेत समजावू लागला. "म्हणजे खातं एकच असल्यामुळं मी लॅपटॉपवर डिलीट केलं की सगळ्यांच्या फोनातून जातं. तुमच्याही."

"मग परत आणा."

"डिलीट केलेलं काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं. पण डबाही जागा खातो, म्हणून मी तोही रिकामा केला." मग जरा थांबून म्हणाला, "सॉरी हां. पण तुम्ही परत काढू शकता ना? कला तर तुमच्या हातात आहे."

सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कला हातात आहे! एखाद्याचं उभं पीक नांगरावं आणि वर म्हणावं, जमीन तर तुझीच आहे की. तिने फोन ठेवला, कारण तोंडाशी आलेले शब्द दिराला बोलायचे नव्हते आणि दुसरे आठवत नव्हते.

पृथ्वीराजने ऐकलं आणि तो तिच्याहून जास्त पेटला. भावाला फोन लावून ओसरीत येरझारा घालत ओरडला, "अरं, अक्कल गहाण टाकली का तू? तुझ्या वहिनीचं काम हाय ते! पुण्यात एवढं शिकून हेच शिकला का?" शेजारची म्हाळसाकाकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली, इतका आवाज चढला. सुलक्षणा दारात उभी राहून ऐकत होती. नवरा तिच्या कामाला 'काम' म्हणाला होता, तेही मोठ्याने, तेही भावाला. एवढ्या संतापातही तिला बरं वाटलं. त्या रात्री तिने त्याच्या ताटात तुपाची धार जरा लांब धरली.

मग रोजचंच झालं. जेवायला बसला की पृथ्वीराज सत्यजीतचा उद्धार करायचा. "येऊ दे त्याला शनिवारी," म्हणायचा, "त्याची चांगली खरडपट्टी काढतो." सुलक्षणाला वाटायचं, चला, निदान एक माणूस आपल्या बाजूचा आहे.

तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. 'ताई, ब्लाउजचा फोटो असला तर पाठवा ना.' बायका भल्या, त्यांनी पाठवले. पण लग्नात फोटो काढतात नवरीच्या तोंडाचा. पाठ दिसली तर तिच्यावर अंबाड्याचा गजरा, त्याच्यावर शालू. जाळं अर्धं पदराखाली. सुगरणीचं एक घरटं दिसतंय, तीन नवरदेवाच्या हाताखाली. काही जणींनी कपाटातून ब्लाउज काढून दाखवले, तर धुऊन धुऊन जरतार काळी पडलेली आणि मणी गळालेले. आणि ज्या नक्ष्या तिने कुणालाच विकल्या नव्हत्या, फक्त स्वतःसाठी काढून ठेवल्या होत्या, त्या द्यायला तर जगात कुणीच नव्हतं.

मोडकंतोडकं जमलं तेवढं घेऊन ती भीमेवरचा पूल ओलांडून यवतला गेली. सीमाताईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई सरळ होती, खोटा धीर देत नव्हती.

"तुमच्या हातावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण समितीत माझ्याखेरीज तिघंजण आहेत. त्यांच्यापुढं हे ठेवलं तर ते म्हणतील, हे कुणाचं आणि कशावरून? दुसरी एक बाई अर्ज करून बसलीय. तिच्याकडे जाडजूड अल्बम आहे. सगळा नेटवरचा आहे, मला दिसतंय. पण आहे."

"मला थोडी मुदत द्या. मी परत काढते."

"महिनाअखेरपर्यंत थांबवते. त्यापुढं माझ्या हातात नाही." मग त्यांनी विचारलं, "पण सुलक्षणाताई, तुमचं स्वतःचं वेगळं खातं नव्हतं?"

सुलक्षणा खाली बघत म्हणाली, "न्हाई. घराचं एकच हाय." बोलून झाल्यावर तिला त्या वाक्याचीच लाज वाटली. एरवी ते वाक्य ओसरीत किती रुबाबात बोललं जायचं!

येताना एसटीत बसून ती आठवायला लागली. उसाचा तुरा आठवला, पण तो डावीकडे झुकवला होता की उजवीकडे? करडईच्या काट्यांची ओळ कुठून सुरू केली होती? एक नक्षी अशी होती की ती काढताना तिला तीन वेळा खोडावं लागलं आणि चौथ्यांदा एकदम जमली होती. जमली एवढंच आठवत होतं. कशी, ते गेलं होतं. आणि सत्यजीत म्हणतो, परत काढा.

शनिवारी सत्यजीत आला. पेढ्यांचा पुडा घेऊन आला, तो देवापुढे न ठेवता सुलक्षणापुढे ठेवला. ओसरीत सगळेच बसले होते. पृथ्वीराजने आल्याआल्या तोफ डागली.

"लाज न्हाई वाटत तुला? पेढं आणतोय! तिची यवतची नोकरी जायची पाळी आली तुझ्यापायी!"

सत्यजीत पायातले मोजे काढत राहिला. अनुपमा त्याच्याकडे बघत होती. पृथ्वीराज थांबायला तयार नव्हता, चार दिवसांचा सराव होता त्याला. "कुणाला न इचारता दुसऱ्याची वस्तू उडवतो? हे शिकवलं का बाबांनी?"

तेव्हा मात्र सत्यजीतचं पुणं गळून पडलं.

"न इचारता? दादा, माझ्याकडं बघून बोल. मी इचारलं न्हाई?"

पृथ्वीराजचा हात हवेत होता, तो खाली आला.

"वहिनी," सत्यजीत तिच्याकडे वळला, "मी ते फोटो बघितले व्हते. मला वाटलं, कामाचे असतील. मी दादाला इचारलं, ह्या ब्लाउजच्या नक्ष्या हायत, ह्यांचं काय करू? आत जाऊन वहिनीला इचारू का? तर दादा म्हणाला, तिला काय इचारायचंय, उडव. नुसती अडगळ हाय. वर म्हणाला, सोसायटीत चारचौघांत लाज जाते."

बापूसाहेब पानपुड्याची दोरी सोडायला लागले, म्हणजे त्यांनीही तेव्हा ऐकलं होतं. सुलक्षणाने एकेकाकडे बघितलं. तिघांनाही ठाऊक होतं. पूर्ण आठवडा तिघांना ठाऊक होतं, आणि तिला तुपाची धार लांब धरू दिली होती.

"अगं, गडबडीत बोललो असंल," पृथ्वीराज म्हणाला. "बैलांचं चाललं व्हतं, त्यात—"

"मग चार दिस भावजींना शिव्या कुणाच्या नावानं देत हुता?" सुलक्षणाचा आवाज चढला आणि तो तिने खाली आणला नाही. "मी जेवायला वाढायची आन् तुम्ही माझ्या बाजूनं भांडायचा! मला वाटायचं, माझा नवरा किती माझा हाय! तुमच्यासारखा सोंगाड्या तर जत्रंतबी बघितला न्हाई मी!"

"सुलक्षणा, आवाज," झुंबरबाई म्हणाल्या. "सासरं बसल्यात."

"बसू द्या, आत्या. उडवलं तवाबी बसलं व्हतं ना?"

असं या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. सत्यजीत पेढ्यांच्या पुड्याकडे बघत राहिला. सुलक्षणा नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अडगळ म्हणाला ना तुम्ही? बघूनच म्हणाला असाल. सहा वर्सं तुमच्याच खोलीत, तुमच्याच उशाशी चौकट लावून बसले मी. तुमच्याच फोनातनं रोज सरकत व्हतं समदं. मग सांगा. त्यातली एक नक्षी सांगा. कंचीबी. मी काय काय काढत व्हते?"

पृथ्वीराजने वडिलांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून तो खरोखर आठवायला लागला. आणि मग उत्तर सापडल्यासारखा म्हणाला, "मोर."

सुलक्षणाने आजवर एकही मोर काढला नव्हता. मोर सगळ्या काढतात. नवऱ्या तो मागायच्या, त्यांच्या आया हट्ट धरायच्या, आणि ती म्हणायची, मोर चौकात कुठंही मिळंल, माझ्याकडं मिळायचा न्हाई. त्यापायी गिऱ्हाइकं परत गेली होती. यवतपासून न्हावऱ्यापर्यंत कुठल्याही बाईला हे ठाऊक होतं.

तिने ते त्याला सांगितलं नाही. अनुपमानेच तोंडावर हात ठेवून हळूच म्हटलं, "दादा, ताई मोर काढतच नाहीत."

सुलक्षणाने फोन हातात घेतला आणि त्यातून घराचं खातं काढायला लागली. फोनने दोनदा विचारलं, नक्की काढायचं का? तिने दोनदा हो म्हटलं. बैल गेले, गुलाल गेला, सासऱ्यांचे गुलाब गेले.

"काय करतीयास?" झुंबरबाईंनी घाबरून विचारलं.

"माझं येगळं खातं काढतीया."

"बाई गं! आज खातं येगळं, उद्या चूल येगळी म्हणशील. लोक काय म्हणतील? ह्या घरात वाटणी कवा झाली न्हाई."

"झाली की, आत्या. गेल्या रविवारी झाली. कामाचं तिकडं गेलं, कचरा हितं ऱ्हायला. मी फकस्त माझा वाटा उचलतीया."

बापूसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पान घालून मिटलं. सत्यजीत उठून अंगणात गेला. मागोमाग अनुपमा गेली, पण जाताना तिने नवऱ्याकडे न बघता आपला फोन पिशवीतून काढून हातात घेतला होता.

पृथ्वीराज तिथेच बसून राहिला. मग या बारा वर्षांत कधी नव्हे तो बायकोकडे नीट बघत, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलो मी. पर मोर न्हवता, तर काय काढायचीस तू? दाखव की मला."

सुलक्षणाने तो रिकामा फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"कशातनं दाखवू?" ती म्हणाली.